जामीन कोण?



व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, नाट्य आणि विज्ञान असे विषय असतात. त्यांच्या पंगतीत 'कामाचे शिक्षण आणि धंद्याला कर्ज' हा विषय जरा रुक्षच दिसेल. परंतु कर्ज ह्या गोष्टीलाही इतिहास आहे, आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा आपल्या घराला अधिक जवळचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आज्या-पणज्यांची नावे कोणत्या ताम्रपटावर नसतील. कर्जरोख्यावर मात्र अंगठ्यासह सापडतील.

माझे शिक्षण शाळेत थोडे झाले. पुढचे झाले ते हमालांच्या अड्ड्यावर, यंत्रमागाच्या खडखडाटात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे मी विद्वानाच्या पद्धतीने बोलू शकणार नाही. कामगारांच्या चळवळीत हिंडताना जो प्रश्न सतत कानी पडला, तोच हाती धरून गेल्या दीडशे वर्षांची वाट चालून पाहणार आहे. तो प्रश्न असा : 'जामीन कोण?' गरीब माणूस सावकाराच्या ओट्यावर गेला, मामलेदाराच्या कचेरीत गेला की बँकेच्या काचेच्या दारातून आत गेला, त्याला प्रथम हाच प्रश्न विचारला गेला. काळ बदलला, राज्य बदलले, योजनांची नावे बदलली. मात्र ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या ज्या वेळी बदलले, त्या त्या वेळीच खरा इतिहास घडला असे मला दिसते.

आरंभ १८७५ पासून करू. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि मग पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्या दंग्यांचा विशेष हा की लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती घेऊन त्यांची होळी करण्यात आली. सरकारने चौकशी मंडळ नेमले, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती होती हे पाहण्याचा अधिकार दिला, हप्ते बांधून देण्याची सोय केली आणि कर्जापायी होणारी कैद थांबवली. हे मोठेच काम झाले. परंतु ह्या कायद्याने जुन्या कर्जाचा न्याय केला. नवे कर्ज कोण देणार, ह्याचे उत्तर त्यात नव्हते. सावकाराने हात आखडला, किंवा गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागला.

उत्तर म्हणून सरकारने तगाई पुढे केली. तगाई ही पेशवाईपासूनची ओळखीची गोष्ट होती. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तिला इंग्रजी अंमलात पक्के रूप आले : विहीर, ताल, बांध ह्यांसाठी एक, आणि बी, बैल, औत ह्यांसाठी दुसरा. व्याज सावकारापेक्षा कमी होते. पण 'जामीन कोण?' ह्या प्रश्नाला तगाईचे उत्तर एकच होते : जमीन. ज्याच्या नावे जमीन, त्याला कर्ज. जमीन नसलेल्याला दार बंद.

आता आपल्या ह्या मुलखाकडे पाहा. अग्रणीच्या काठचा हा प्रदेश कृष्णेपासून फार लांब नाही. पण पावसाच्या हिशेबाने परका आहे. सह्याद्री पाऊस अडवून घेतो आणि आपल्याकडे ढगांची सावली तेवढी पाठवतो. सांगली संस्थानात कुची नावाचा तालुका होता, तोच हा भाग. पुढे दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि १९६५ साली कवठे महांकाळ स्वतंत्र तालुका झाला. ह्या माळावर ज्वारी-बाजरीइतकीच मेंढरू ही संपत्ती होती. धनगराने मेंढरे राखावीत, सणगराने लोकर घेऊन सूत काढवावे, खड्ड्याच्या मागावर घोंगडे विणावे, चिंचोक्याची खळ देऊन ते कडक करावे, अशी कामाची साखळी होती. सणगराच्या हाती विद्या होती आणि तिला बाजारही होता, कारण पावसात घोंगड्यावाचून शेतकऱ्याचे चालत नसे. त्याला कमी पडे ते लोकर घेण्यापुरते भांडवल. पण तो 'शेतकरी' नव्हता! सुतार, लोहार, चांभार, मांग, सणगर ह्यांच्या हातची कला कोणत्याही सातबाऱ्यावर लिहिलेली नव्हती. तगाईच्या हिशेबात हे सारे लोक नाहीतच. घोंगडे विणणाऱ्याचे घोंगडे तेथूनच भिजत पडले.

दुसरे उत्तर १९०४ साली आले. त्या वर्षीच्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याच्या प्रस्तावनेत शेतकरी, कारागीर आणि बेताच्या ऐपतीची माणसे अशी तिघांची गणना केली होती. कायद्याच्या भाषेत कारागिराला शेतकऱ्याशेजारी पाट मिळाला, ही गोष्ट लहान नाही. त्यामागची कल्पना जर्मनीतून आली होती. तेथे रायफायझेन नावाच्या एका नगरप्रमुखाने १८६४ साली हेडेसडोर्फ गावी शेतकऱ्यांची पतपेढी काढली, आणि तिचे तत्त्व असे ठेवले की एकाच्या कर्जाला सारे जबाबदार. म्हणजे 'जामीन कोण?' ह्या प्रश्नाला उत्तर मिळाले : शेजारी. आपल्या कायद्यानेही खेड्यातल्या पतपेढीवर अमर्याद जबाबदारी घातली.

उत्तर थोर होते, पण त्याला आपल्या गावगाड्याची अडचण होती. शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी जामीन राहायचे तर दोघांचे एकमेकांशी बरोबरीचे नाते हवे. गावकुसाबाहेरच्या माणसासाठी गावातला पाटील जामीन राहील कशाला? त्यामुळे पतपेढी निघाली तरी तिच्या चाव्या ज्यांच्या हाती आधीच काही होते त्यांच्याच हाती राहिल्या. किती अंतर तोडले ह्याचा हिशेब पन्नास वर्षांनी लागला. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली अखिल भारतीय ग्रामीण कर्जाची पाहणी करविली. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे सत्तर रुपये सावकाराचे होते. सरकारकडून आलेले ३.३ आणि सहकारी संस्थांकडून आलेले ३.१. तगाईची सत्तर वर्षे आणि सहकाराची पन्नास वर्षे मिळून शंभरात साडेसहा रुपयेसुद्धा पुरते भरले नाहीत. आणि ही गोष्ट शेतकऱ्याची. कारागिराचा आणि मजुराचा हिशेब तर कोणी त्याहून बारकाईने मांडला नव्हता.

मात्र ह्याच काळात आपल्या जिल्ह्यातच एक तिसरे उत्तर दिले गेले. ते आपण फारसे ह्या दृष्टीने पाहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवीत असत. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि मग लोखंडी नांगर केले. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि कर्जाऊ रक्कमही दिली. १९१० साली त्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मी कामगार चळवळीतला माणूस. कारखानदारांची आरती ओवाळण्याची मला सवय नाही. पण ह्या व्यवहारात एक धडा आहे. औंध हे चिमुकले संस्थान. त्याच्या अधिपतीने तारण म्हणून काय पाहिले? लक्ष्मणरावांजवळ जमीनजुमला नव्हता. होती ती यंत्राची विद्या आणि चिकाटी. एका छोट्या स्थानिक सरकारने माणसाच्या हातातल्या विद्येला तारण मानले. त्याने कर्जाबरोबर जागाही दिली, आणि कारखाना उभा राहीपर्यंत दम धरला. दम धरणे महत्त्वाचे, कारण लक्ष्मणरावांचे पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली होती. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला हप्ता सहाव्या महिन्यात मागणारा धनको भेटता तर हा धंदा तेथेच आटोपला असता.

आणि कारखान्यात माणसे आली ती भोवतालच्या खेड्यांतली. ज्यांनी आयुष्यात मोट आणि कुळव पाहिला, ते भट्टीवर आणि चरकावर कामे शिकले. म्हणजे शिक्षण, भांडवल आणि रोजगार एका आवारात नांदले. ह्याच औंध संस्थानने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांना भिंतीवाचून, केवळ शब्दावर शेती कसायला दिली, हेही येथे आठवावे. ज्या राज्याने कैद्याचा शब्द तारण म्हणून घेतला, त्याला कारागिराचा हात तारण म्हणून घेणे अवघड का वाटावे?

परंतु औंध हा अपवाद होता. संस्थानिकाची मर्जी हा कायदा नव्हे. एका लक्ष्मणरावांना जे मिळाले ते शंभर सणगरांना मिळेल अशी व्यवस्था करायची तर राज्य लोकांचे हवे. ते १९४७ साली झाले. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना सुरू झाली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कारभारास लागल्या. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ साली अत्यंत गरिबांना चार टक्के व्याजाने विनातारण कर्ज देण्याचे धोरण निघाले. कागदावर पाहिले तर एकामागून एक दारे उघडत होती.

त्याच सुमारास, आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे, १९६९ साली एक वेगळाच प्रयोग झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून तो निघाला : जो काम मागेल त्याला काम द्यायचे. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर नेली गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने ग्रामीण रोजगाराच्या हमीचा जो कायदा केला त्याला विसापूरचीच वाट पुढे होती. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने ह्या योजनेचा अर्थ फार मोठा आहे. तिने 'जामीन कोण?' हा प्रश्न विचारलाच नाही! दोन हात दाखवा, काम घ्या. मात्र त्या कामाने हाताला नवी विद्या मिळत नसे. खडी फोडणारा वीस वर्षांनीही खडीच फोडी. भूक भागली, हे थोर. पण माणूस जेथे होता तेथेच राहिला.

माणसाला पुढे नेण्यासाठी १९७८-७९ नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आला. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातल्या सर्व गटांत लागू झाला. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र, बैलगाडी असे साधन घेण्यासाठी बँकेचे कर्ज आणि सरकारचे अनुदान. अनुदान लहान शेतकऱ्याला एकचतुर्थांश, शेतमजुराला आणि कारागिराला एकतृतीयांश, आदिवासींना निम्मे. आता जामीन कोण? तर खुद्द म्हैस. विकत घेतलेली वस्तूच बँकेकडे गहाण. त्याच्या जोडीला १५ ऑगस्ट १९७९ पासून ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी योजना होती. वय अठरा ते पस्तीस, शिक्षणकाळात विद्यावेतन.

हे चित्र चांगले होते. मग बिघडले कोठे? जोडी जुळली नाही म्हणून. शिक्षणाची यादी एका टेबलावर आणि कर्जाची यादी दुसऱ्या टेबलावर. ज्याने वायरमनचे शिक्षण घेतले त्याला म्हैस मिळे, आणि ज्याच्या घरी कडब्याची पेंढी नाही त्यालाही म्हैसच मिळे. दुष्काळी माळावर वैरण कोठून आणणार? म्हैस भाकड झाली, विकली गेली, कर्ज राहिले. १९९० साली दहा हजारांपर्यंतची कर्जे माफ झाली. त्यात शेतकऱ्यांबरोबर कारागीर आणि विणकरही होते. माफीने त्या वर्षीचा श्वास मोकळा झाला. मात्र 'गरीब कर्ज बुडवतो' हा शिक्का मागे राहिला. म्हैस चुकीची दिली हे कोणी लिहून ठेवले नाही. हप्ता चुकला एवढे लिहिले गेले.

ह्याच दशकात मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले किती तरी सातारा-सांगलीच्या गावांतून गेलेले होते. गिरण्या मोडल्या, माणसे गावी परतली. वीस-वीस वर्षे साच्यावर उभी राहिलेली ही माणसे. त्यांच्या हातांत विद्या कमी होती काय? पण गावात साचा नव्हता आणि त्यांच्या विद्येला दाखला नव्हता. १९९२ साली केंद्राने राष्ट्रीय नवीकरण निधी काढला. उद्योग बंद पडून बेकार झालेल्यांना नवे काम शिकवून उभे करणे हा त्याचा एक हेतू होता. पैशाचा मोठा भाग मात्र स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यात गेला. शिकवायला पैसे उरले नाहीत. घरी पाठवायला उरले.

श्रोतेहो, सरकारी योजनांचा हा हिशेब चालू असताना आपल्याच माळावरच्या लोकांनी कोणाची वाट न पाहता एक व्यवस्था उभारली, तिच्याकडे आता वळतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ ह्या तालुक्यांतल्या गावोगावची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी साऱ्या हिंदुस्थानात पसरलेली आहेत. सोनारपेठ आहे तेथे, मग ती बंगालात असो की केरळात, आपल्याकडची बोली ऐकू येते. जुने दागिने आणि सोनारकामातली घट आटवून, तेजाबाने शुद्ध करून सोने वेगळे काढण्याची ही विद्या. ती कोणत्या शाळेत शिकवली? गावचा पोरगा गावच्याच शेठकडे जातो, भट्टी फुंकतो, काही वर्षे राबतो, हात तयार होतो. मग तोच शेठ त्याला दुसऱ्या शहरात दुकान थाटायला उसने भांडवल देतो आणि गिऱ्हाईकही दाखवून देतो. विद्या, भांडवल आणि बाजार तिन्ही एका हातून. आणि जामीन कोण? गाव. पोरगा पैसे बुडवून जाणार कोठे? त्याच्या आईबापांना त्याच वेशीतून ये-जा करायची आहे.

हे खरोखर अभिमानाचे आहे. तरी कामगार कार्यकर्ता म्हणून त्याची दुसरी बाजू सांगणे मला प्राप्त आहे. ही शाळा नात्यागोत्याची आहे. ज्याचा कोणी शेठ नाही त्याला तीत प्रवेश नाही. मुलींना तर नाहीच. तेजाबाच्या धुराने छाती खराब होते, तिचा विमा नाही. शिकाऊ पोराच्या कामाला घड्याळ नाही. सरकारी योजनेत हक्क आहे पण पाठीवर हात नाही. गलाईच्या व्यवस्थेत पाठीवर हात आहे पण हक्क नाही. ह्या दोन अर्ध्या भाकरी जोडणे हे आपल्या पिढीचे काम होते आणि आहे.

जोडण्याचे प्रयत्न झाले. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांनी आरंभला. १९९९ च्या एप्रिलमध्ये कर्जाच्या, शिक्षणाच्या, स्त्रियांच्या आणि कारागिरांना हत्यारे देण्याच्या निरनिराळ्या योजना मोडून एक स्वर्णजयंती योजना केली गेली, आणि २०११ पासून तिची जागा जीवनोन्नती अभियानाने घेतली. महाराष्ट्रात ते 'उमेद' नावाने ओळखले जाते. पुन्हा शेजारी जामीन! पण १९०४ च्या पतपेढीत आणि ह्या गटात एक अंतर आहे : दहा-पंधरा बायका बऱ्याच अंशी सारख्या ऐपतीच्या असतात. म्हणून येथे शेजारधर्म टिकला. जेथे खाजगी कंपन्यांनी हेच तत्त्व वसुलीचे हत्यार केले, तेथे मात्र शेजारीणच तगादेदार झाली; २०१० साली आंध्रात त्याचे फार कडू परिणाम दिसले.

२०१५ साली मुद्रा योजना आली. शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत, आणि तारण मागायचे नाही, कारण हमीच्या निधीद्वारे सरकारच जामीन. दीडशे वर्षांच्या वाटेवर हा टप्पा मोठा म्हटला पाहिजे. २००८ पासून पंतप्रधान रोजगारनिर्मितीचा आणि २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगारनिर्मितीचा कार्यक्रम अनुदानासह कर्ज देतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ चे, अण्णा भाऊ साठे महामंडळ १९८५ चे. १९९८ च्या आर्थिक मागास विकास महामंडळाला तर माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील ह्यांचे नाव आहे. ज्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, त्यांचे नाव कर्जाच्या महामंडळाला असावे ह्यात मला एक मर्म दिसते. माथाडी कायद्याने हमालाला कर्ज दिले नव्हते. त्याची मजुरी मंडळात जमा होऊ लागली, नोंद होऊ लागली, निधी साठू लागला. आज कमावले ते उद्याही मिळेल असा कागद त्याच्या हाती आला. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात गरिबाला ह्याहून चांगला जामीन मी पाहिला नाही.

उलट बाजूही पाहिली. आमच्यातल्या एका हमालाला टेम्पो घ्यायचा होता. परवाना होता, व्यापाऱ्यांची भाड्याची हमी होती. एका कचेरीत त्याला सांगण्यात आले, दोन सरकारी नोकर जामीन आणा. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, सरकारी नोकर माझ्या शब्दावर सही करतील एवढी माझी पत असती, तर मी पाठीवर पोती कशाला वाहिली असती?" विनातारण कर्जाचा कायदा वर असतो, खाली टेबलाशी जुना प्रश्न तसाच बसलेला असतो.

अलीकडच्या दोन योजनांचा उल्लेख करून आटोपते घेतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अठरा पारंपरिक व्यवसायांच्या कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू झाली : शिक्षण, शिक्षणकाळात रोज पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजार, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्याने एक लाख व मग दोन लाख कर्ज. शिक्षण आणि कर्ज एका कागदावर आले, हे स्वागतार्ह. २०२४ साली महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. नगरपंचायती, जिल्हा परिषदा, कचेऱ्या आणि कारखाने ह्यांत तरुणांना सहा महिने काम शिकायचे, शिक्षणाप्रमाणे सहा, आठ किंवा दहा हजार विद्यावेतन. पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. मुदत संपल्यावर ह्या मुलांनी 'आता पुढे काय?' म्हणून मोर्चे काढले. त्यांचा राग मला समजतो. कचेरीत कागद हलवायला शिकवले. पण कचेरीत जागा नाही, आणि त्या विद्येवर दुकानही थाटता येत नाही.

ह्या साऱ्या इतिहासातून निघतो तो अर्थ साधा आहे. विद्या, भांडवल आणि गिऱ्हाईक ह्या तीन पायांवर धंदा उभा राहतो. आपल्या योजना कधी एक पाय देतात, कधी दोन. तिवईला दोन पाय दिले आणि ती पडली तर दोष तिवईला लावतात. तिसरा पाय, म्हणजे गिऱ्हाईक, स्थानिक सरकारच्या हाती आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला गेला आहे. जिल्हा परिषद आपल्या उत्पन्नातील वीस टक्के मागासवर्गीयांच्या आणि दहा टक्के स्त्रिया व बालके ह्यांच्या कल्याणासाठी राखते. त्यातून वर्षानुवर्षे शिलाई यंत्रे वाटली गेली. परंतु गल्लीत पाच यंत्रे झाली आणि शिवायला कापड एकीलाच, तर यंत्राचे टेबल होते. २०२४-२५ मध्ये शाळेच्या गणवेशांची शिलाई बचत गटांकडे देण्याचे राज्याने ठरवले होते. कल्पना योग्य दिशेची होती. पण साऱ्या राज्याचे कापड एका ठिकाणाहून निघाले, ते उशिरा पोचले, मापे जमेनात, तक्रारी झाल्या आणि पुढच्या वर्षासाठी ती पद्धत सोडून दिली गेली. आपल्या तालुक्यातल्या शाळांचे कपडे आपल्याच तालुक्यातल्या बायकांनी, आपल्याच मुलांची मापे घेऊन शिवायचे असते, तर निकाल वेगळा लागला नसता काय? योजनेला गाव कळावा लागतो.

म्हणून आपण नागरिकांनी आपल्या नगरपंचायतीला आणि पंचायत समितीला तीन गोष्टी विचाराव्यात. ज्यांना शिकवले त्यांतल्या किती जणांना कर्ज मिळाले? ज्यांना कर्ज मिळाले त्यांतल्या किती जणांची दुकाने दोन वर्षांनी उघडी आहेत? आणि ह्या संस्था स्वतः जी खरेदी करतात, तीतली किती आपल्या गावच्या कारागिराकडून होते? पहिल्या वर्षाचे आकडे सर्व कचेऱ्या उत्साहाने देतात. तिसऱ्या वर्षाचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवायला लावणे हे आपले काम. त्याला पैसा लागत नाही, उठून उभे राहण्याचे धैर्य लागते.

आज म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी ह्या माळावर चढले आहे, द्राक्षे आणि बेदाणा झाला आहे. पाणी चढावर आणता येते हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्यासाठी पंप लागले, वीज लागली आणि वर्षानुवर्षांचा हट्ट लागला. पतसुद्धा अशीच उतारावर वाहणारी गोष्ट आहे. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ती आपोआप जाते. तिला चढावर, जमीन नसलेल्याच्या, रोजगारावर जगणाऱ्याच्या आणि एकट्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत न्यायची तर उपसा लावावा लागेल. तो लावणारे हात सरकारचे असोत, संघटनेचे असोत की सहकारी संस्थेचे, मागे रेटा आपला हवा.

'जामीन कोण?' असा प्रश्न उद्या कोणा सणगराच्या मुलाला, हमालाच्या मुलीला विचारला गेला, तर 'हा गाव जामीन आहे' असे म्हणायला चार माणसे पुढे आली पाहिजेत. तेवढी तयारी ह्या सभेतून निघाली, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.